झालं न्हाय

डिसेंबरातला शेवटचा शनिवार, सकाळी अकरा. जागा, शाळेचं ऑफिस. रक्कम साडेतीनशे रुपये, दंड. हजर: मुख्याध्यापक, विज्ञानाच्या मॅडम, मी, दहावीतली माझी मुलगी तन्वी, आणि रेजिना टीचर, ज्यांना शाळेने बोलावलं नव्हतं.

दंड सात असाइनमेंटचा, प्रत्येकी पन्नास. सातही पानांवर तन्वीने उत्तराच्या जागी दोन शब्द लिहिले होते, ‘झालं न्हाय’, आणि खाली सही केली होती. ‘नाही’ नव्हे, ‘न्हाय’. मुख्याध्यापकांना न झालेल्या अभ्यासाचा राग जास्त होता की त्या ‘न्हाय’चा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. राग मात्र होता. प्रश्न विज्ञानाच्या अंतर्गत वीस गुणांचा होता. ते गुण शाळा देते आणि बोर्डाला कळवते, त्यावर अपील नाही.

पण आधी टीचरांबद्दल सांगतो, कारण ते दोन शब्द त्यांचे.

रेजिना टीचर चौकच्या. भाईंदरजवळ, उत्तनच्या पुढचं, समुद्राला लागून असलेलं गाव. नोकरीभर शाळेत विज्ञान आणि गणित शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि निवृत्ती पटली नाही म्हणून भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या आमच्या इमारतीत शिकवणी सुरू केली. तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी रिकामं असतं. खजिनदार म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे. त्यामुळे टीचरांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. ‘खजिनदार, पंखा आवाज करतो.’ ‘खजिनदार, फळा पुसायला कपडा द्या, तुमचा जुना शर्ट चालेल, तो अंगावरचा पण चालेल.’

बुटक्या, रुंद बांध्याच्या, खांद्यावर पिन लावलेली सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. खुर्ची दिली तर तिच्यावर पर्स ठेवत आणि स्वतः उभ्या राहत. शिक्षक बसला की नुसती मान हलवायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. बारा महिने छत्री बरोबर. पावसाळ्याबाहेर तिचं काम फळ्यावर दाखवायचं आणि झोपाळलेल्या मुलाच्या बाकावर टकटक करायचं. मुलांशी बोलताना भाषा पुस्तकी नसायची. शाळेत आयुष्यभर ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हटलं, आता पगार मिळत नाही तर घरचं बोलते, असं त्या सांगत. घरचं म्हणजे ‘हाय’ आणि ‘न्हाय’.

साडेसात वाजले की वही बंद. गणित अर्ध्यावर असलं तरी बंद. आम्हा पालकांना सुरुवातीला वाटलं की यामागे काही शिक्षणशास्त्र असेल. मी एकदा विचारलं.

“बस,” टीचर म्हणाल्या. “स्टेशनच्या पश्चिमेहून चौकची बस पकडायची असते. ती चुकली तर पुढची कधी येईल ते ड्रायव्हरला पण ठाऊक न्हाय.”

“म्हणजे मुलांच्या भल्यासाठी नाही?”

“त्यांचं भलं आपोआप होतं. साडेसातला संपणार हे ठाऊक असलं की पाचला सुरू होतात. तुमच्या घरी अभ्यास झोपेपर्यंत चालतो ना? म्हणून तो जेवणापर्यंत सुरूच होत न्हाय.”

आमच्या घरी अगदी तसंच चालायचं. शाळेचा गृहपाठ वेगळा, असाइनमेंट वेगळ्या, जलसुरक्षेचा प्रकल्प वेगळा, प्रयोगवही वेगळी, आणि सगळ्यांच्या शेवटी उजळणी, जी रोज उद्यावर जायची. टीचरांनी पहिल्याच आठवड्यात हा ढीग फळ्यावर तीन भागांत मांडला. उद्या शाळेत मागतील ते. पुढल्या आठवड्यात मागतील ते. आणि कोणीच मागणार नाही, पण मार्चमध्ये लागेल ते. मग छत्री तिसऱ्यावर ठेवली.

“पहिल्या दोघांसाठी ओरडायला माणसं हायत. याच्यासाठी कोण ओरडतं? कोणी न्हाय. ज्याच्यासाठी कोणी ओरडत न्हाय ते पहिलं करायचं.”

म्हणून शिकवणीत पहिला पाऊण तास मागच्या धड्यांची उजळणी. उद्या कितीही असाइनमेंट द्यायच्या असोत, तो पाऊण तास हलत नसे. उरलेल्या वेळात मावेल तेवढं बाकीचं. मावलं नाही तर काय, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाच्या घरी तयार होतं. गाईडमधून उतरवायचं, किंवा आईला बसवायचं.

आमच्याकडे आई बसली होती. माझी पत्नी सुजाता रत्नागिरीची, हात अतिशय चांगला. जलसुरक्षेच्या प्रकल्पात विहीर, बंधारा, शेततळं, सगळं तिने रंगवलं. खाली माहिती लिहिली ती पण तिनेच, तन्वीसारखं अक्षर काढून. तन्वी तो प्रकल्प शाळेत देण्याआधी टीचरांना दाखवायला घेऊन गेली, आणि सुजाता कौतुक ऐकायला मागोमाग खाली उतरली.

टीचरांनी पानं उलटली. “छान हाय. कोणी केलं?”

“मी,” तन्वी म्हणाली.

“हा ‘र’ कोणाचा? असा ‘र’ रांगोळी काढणारी बाई काढते.”

टीचरांनी पेन्सिल घेतली आणि मागच्या पानावर लिहिलं: आई, दहापैकी आठ. तन्वी, शून्य.

“टीचर, आम्ही फी देतो,” सुजाता म्हणाली.

“फी तन्वीची घेते. तुम्हाला बसायचं असेल तर बाकावर जागा हाय. वेगळी फी पडेल.”

सुजाता वर आली ती भांडी आपटत. टीचरांचं नाव घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला. तासाभराने मात्र तिने विचारलं, “दोन मार्क कुठे कापले असतील हो?” मी दुसऱ्या दिवशी टीचरांना विचारलं. बंधाऱ्याची भिंत खालून रुंद पाहिजे, हिने सरळ काढली होती. सुजाताने ते मान्य केलं, आणि तन्वीने प्रकल्प पुन्हा केला. वाईट केला. भिंत मात्र खालून रुंद होती.

‘झालं न्हाय’ आलं ते दिवाळीनंतर. तन्वीने एक असाइनमेंट गाईडमधून उतरवून आणली. टीचरांनी दुसरी ओळ वाचली आणि अर्थ विचारला. तन्वीला सांगता येईना.

“खोड सगळं. वेळ पुरला न्हाय ना? मग लिही, झालं न्हाय. खाली सही कर.”

तन्वी आज्ञाधारक. ऐकलं तसं लिहिलं. ‘झालं न्हाय’, आणि सही. बाकीची मुलं हसायला लागली. एकाने शुद्धलेखनाची चूक काढली. टीचरांनी वही उचलून डोळ्यांजवळ नेली.

“राहू दे,” म्हणाल्या. “अशुद्ध असेल, खोटं न्हाय.”

तेव्हापासून तो नियम झाला. पण कोणी याला आळशांची सोय समजेल, म्हणून पुढचा भाग सांगायलाच हवा. पोराने ते दोन शब्द लिहिले की टीचर एकच प्रश्न विचारत. “झालं न्हाय का केलं न्हाय?” दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. बसला, झटला, वेळ संपला किंवा डोक्यात शिरलं नाही, तर झालं न्हाय. मोबाइल बघत बसला, तर केलं न्हाय. ‘केलं न्हाय’ म्हणणाऱ्याला त्या रागवत नसत, फक्त त्याच्या शेजारी उभ्या राहून ते करून घेत, आणि त्या दिवशी त्याला सोबतीने गप्पा मारत घरी जायला मिळत नसे. पण ‘केलं न्हाय’च्या जागी ‘झालं न्हाय’ लिहिलेलं सापडलं, तर छत्री बाकावर आपटायची. दोन महिन्यांत मुलं इतकी तयार झाली की एकमेकांनाच विचारायची. मलासुद्धा. मी गॅस सिलिंडरचा नंबर लावायला विसरलो तर तन्वीने स्वयंपाकघरातून विचारलं, “बाबा, झालं न्हाय का केलं न्हाय?”

सगळ्यांना हे मानवलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेन एकदा खाली आल्या. त्यांची मुलगीही दहावीला.

“टीचर, बाकी क्लासवाले सब कंप्लीट करवाते हैं. आप के यहाँ ही अधूरा क्यों?”

“कंप्लीट तो झेरॉक्सवाला भी कर देगा, बेन. दो रुपये में.”

“मगर मार्क्स तो कंप्लीट के मिलते हैं ना.”

“मिलते हैं,” टीचर म्हणाल्या. “मेरे यहाँ नहीं मिलते. सोच लो.”

हेतलबेननी विचार केला आणि मुलीला काढली. त्यांची बाजू मी चूक म्हणत नाही. पोटच्या पोरीचे मार्क आहेत, दुसऱ्याच्या तत्त्वावर कोण लावणार. टीचरांनी त्याच संध्याकाळी महिन्याच्या राहिलेल्या दिवसांचे पैसे पाकिटात घालून माझ्याकडे दिले. “न शिकवलेल्याचे पैसे मी ठेवत न्हाय. पोचवा, खजिनदार.” हेतलबेन नको नको म्हणत होत्या. मी पाकीट त्यांच्या चपलांच्या रॅकवर ठेवून आलो.

आता तो शनिवार.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी समोर मार्ग ठेवला. मॅडमकडे नमुना वही आहे. तन्वीने ती घरी न्यावी, सात असाइनमेंट सोमवारपर्यंत उतरवून आणाव्यात, दंड भरावा, आणि वीसपैकी एकोणीस घ्यावेत. वर्गातल्या बाकीच्यांनी तशाच उतरवल्या होत्या, फक्त वेळेत, म्हणून दंडाशिवाय. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघतो. साडेतीनशे रुपयांत सहा-सात गुण, हा सौदा कुणालाही स्वस्तच वाटेल. माझा हात खिशाकडे गेला होता, हे खरं आहे.

“हिने किती असाइनमेंट स्वतः केल्या?” टीचरांनी विचारलं.

“आपण कोण?” मुख्याध्यापक म्हणाले.

“ती ‘न्हाय’ माझी हाय.”

मॅडमनी वही पाहून सांगितलं, वीसपैकी तेरा.

“मग तेरा द्या. पण त्या तेरांतलं काही विचारा आधी. येतं का बघा.”

मॅडम तरुण होत्या, आणि मला वाटतं त्यांनाही बघायचं होतं. त्यांनी विचारलं, अंतर्वक्र भिंगाला अपसारी का म्हणतात. तन्वीने टेबलावरच्या कागदावर भिंग काढलं, किरण काढले, ते बाहेर कसे पसरतात ते दाखवलं, आणि मागे रेषा वाढवून त्या कुठे मिळतात तेही दाखवलं. घाईत नाही, नीट. मॅडमनी दुसरा प्रश्न राहिलेल्या सातांतला घेतला. विद्युत चलित्रात दुभंगलेल्या कड्यांचं काम काय?

तन्वी कागदाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

“हे झालं नाही, मॅडम,” ती म्हणाली. “बसले होते. प्रवाहाची दिशा उलटते इथपर्यंत कळलं. का उलटवायची ते नाही कळलं.”

मॅडम हसल्या. “अगं, अर्धं तर तूच सांगितलंस.”

“अर्धंच,” टीचर म्हणाल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, ते सगळं ठीक, पण नियम तो नियम. वही अपूर्ण, दंड भरावाच लागेल. उतरवायची नसेल तर नका उतरवू, गुण तेरा. दंड साडेतीनशे.

आणि इथे मी बोललो. त्या ऑफिसातलं माझं एकमेव बोलणं. मी म्हटलं, “भरतो सर. फक्त पावती द्या, आणि पावतीवर कारण लिहा.”

“कारण काय, अपूर्ण असाइनमेंट.”

“अपूर्ण असाइनमेंट सगळ्यांच्या होत्या,” टीचर म्हणाल्या. “बाकीच्यांनी उतरवल्या, त्यांना दंड न्हाय. हिने उतरवल्या न्हायत, हिला दंड. मग खरं कारण लिहा. ‘खरं लिहिल्याबद्दल रुपये साडेतीनशे.’ खाली शाळेचा शिक्का मारा. आम्ही फ्रेम करून लावतो, सोसायटीच्या ऑफिसात. खजिनदार खिळा देतील.”

क्लार्क पावतीपुस्तक उघडून बसला होता. त्याने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी खिडकीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “बंद कर ते पुस्तक.”

दंड बारगळला. गुण तेरा लागले. बाकीच्यांना अठरा, एकोणीस. हेतलबेनच्या मुलीला वीस. बाहेर आल्यावर मी टीचरांना म्हटलं, सहा गुण गेले.

“गेले कुठे? तिचे नव्हतेच ते.” आणि तन्वीला म्हणाल्या, “बाय, ते कड्यांचं सोमवारी करू. आता रिक्षा बघ, मला बाजार करायचा हाय.”

सोमवारी ते केलं, आणि ते तिला कळलं. जानेवारीच्या मध्यावर मात्र टीचर स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर पडल्या. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, शिकवणी बंद. विज्ञानाच्या पहिल्या भागाचा शेवटचा धडा राहिला, आणि दुसऱ्या भागाचा शेवटचा राहिला, त्याचं नाव आपत्ती व्यवस्थापन. फोनवर तन्वीने हे सांगितलं तेव्हा टीचर बराच वेळ हसत होत्या. भेटायला येतो म्हटलं तर म्हणाल्या, निकालाआधी येऊ नका, मला रडकी तोंडं बघायची न्हायत.

निकाल लागल्यावर पुढच्या रविवारी तन्वी आणि मी चौकला गेलो. घर रस्त्याच्या कडेला, पुढे सारवलेलं नाही, लादीचं अंगण, एका बाजूला जाळं वाळत घातलेलं, ते शेजाऱ्यांचं. टीचर ओट्यावर खुर्चीत होत्या. पहिल्यांदाच त्यांना बसलेलं पाहिलं. छत्रीच्या जागी काठी होती आणि ती हातात तशीच धरलेली, टोक आमच्याकडे.

शेजारी स्टुलावर एक छापील तक्ता होता. गुडघ्याचे व्यायाम, सकाळ आणि संध्याकाळ, केल्यावर खूण करायची. भाची रोज येऊन तपासते, असं त्यांनी सांगितलं. खुणेच्या चौकटींत मला ओळखीचं अक्षर दिसलं. ‘झालं न्हाय.’ ‘झालं न्हाय.’ प्रत्येक ठिकाणी सही.

तन्वीने तक्ता हातात घेतला. “टीचर, झालं न्हाय का केलं न्हाय?”

टीचरांनी तिच्याकडे बघितलं. काठी खाली ठेवली.

“केलं न्हाय,” म्हणाल्या. “दुखतं. वर भाची उभी राहून मोजते, त्याचा राग येतो.”

“मग करा आता. मी शेजारी उभी राहते. मोजणार नाही.”

त्यांनी केले. तोंड वाकडं करून, मला अंगणात पाठवून, पण केले. जाळ्याच्या पलीकडून मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

“विज्ञानात किती?”

“चौऱ्याहत्तर. एकसष्ट पेपरचे, तेरा शाळेचे.”

“एकसष्ट कोणाचे?”

“माझे.”

“आणि तेरा?”

“ते पण माझे.”

“आईचे किती त्यात?”

“एक पण नाही.”

“आईला सांग, मी विचारलं म्हणून.”

हेतलबेनच्या मुलीला विज्ञानात एक्क्याऐंशी आहेत. हेही इथे लिहायला हवं, कारण ते खरं आहे. टीचरांना सांगितलं तर म्हणाल्या, हुशार पोर, कुठेही शिकली असती.

निघताना त्यांनी उशीखालून पाकीट काढलं. जानेवारीची फी आगाऊ घेतली होती, हजार रुपये. अर्धा महिना शिकवलं. अर्धे परत.

मी म्हटलं, “टीचर, हे मी घेणार नाही. पडलात तुम्ही, तुमची काय चूक?”

“चूक कोण म्हणतं? केलं न्हाय असं मी म्हटलं का? दोन धडे झाले न्हाय. घ्या. आणि पावती द्या, खजिनदार. कारण लिहून.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तन्वीच्या वहीतलं पान फाडलं आणि ओट्याच्या कठड्यावर ठेवून लिहिलं. टीचरांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मी ‘नाही’ लिहिलं होतं. त्यांनी कागद परत केला. मी खोडून दुरुस्त केलं, सही केली. त्यांनी तो घडी घालून व्यायामाच्या तक्त्याखाली सरकवला.

बस वळताना मागच्या काचेतून पाहिलं, तर टीचर उठून उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून. दुसऱ्या हातातली काठी बसकडे रोखलेली. खुर्चीवर पर्स.

शाळेचा दंड, साडेतीनशे, भरला नाही. पावतीप्रमाणे शेवटी दिले गेले ते पाचशे रुपये, रेजिना टीचरांकडून मला. कारण: शेवटचे दोन धडे झाले न्हाय.